पडणे हे प्रारब्ध नव्हे!

औंढा नागनाथ हे नाव आज जगभरातील शास्त्रज्ञांना ठाऊक झाले आहे. या तालुक्यातील दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी मोजणारी 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा साकारत असून केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २ हजार ६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे यंत्र कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळल्याचा हादरा टिपणार आहे. हा हादरा केवढा, तर अणूच्या गाभ्यातील एका प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान! विज्ञानाच्या या झेपेचे आम्ही स्वागतच करतो. बाबासाहेबांच्या अनुयायांनी विज्ञानाचे स्वागत करायचे नाही तर कोणी करायचे? परंतु याच तालुक्यात पहाटेच्या अंधारात शौचाला निघालेली एखादी म्हातारी नालीच्या काठावर घसरून पडते, तिच्या खुब्याचे हाड मोडते, तेव्हा तो हादरा कोणत्याही यंत्रात उमटत नाही आणि कोणत्याही रजिस्टरात त्याची नोंद होत नाही.

अशाच एका आजीला भेटण्याचा योग आला. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरात ही आणि दोन नातवंडे. संडास घरापासून तीस-चाळीस पावलांवर, मध्ये उघडी नाली. रात्री पाय घसरला आणि उजेड होईपर्यंत ती तिथेच पडून राहिली. सकाळी दहा वर्षांच्या नातवाने शेजाऱ्यांना हाक मारली. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसली हे खरे, पण जाण्यायेण्याचे भाडे, सोबतच्या माणसांचे जेवण, बाहेरून आणलेली औषधे योजनेत बसत नाहीत. मुलगा फडावरून परत आला. मुकादमाची उचल अंगावर राहिली आणि पुढच्या हंगामाचे काम आदल्या वर्षीच विकले गेले. एका पडण्याने एका कुटुंबाचे एक वर्ष गहाण पडले. आजीला विचारले, हे कसे झाले? ती म्हणाली, "म्हातारपन हाय लेकरा. पडायचंच."

हा 'पडायचंच' शब्द मला अस्वस्थ करून गेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आम्ही ज्या गोष्टींचा त्याग केला, त्यात प्रारब्धही होते. जे घडते त्याला कारण असते आणि कारण दूर केले की परिणाम टळतो, हा तथागतांच्या शिकवणुकीचा पाया आहे. मग आमच्याच वस्तीत, आमच्याच आईच्या पडण्याला आम्ही प्रारब्ध कसे काय मानतो? रोगराई, शिक्षण, नोकरी, अत्याचार यांवर आमच्या सभांमधून बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. परंतु म्हाताऱ्या माणसांच्या पडण्यावर आजवर एक तरी ठराव झाला आहे काय?

प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातानंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. यातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असून सर्वाधिक बळी साठीच्या पुढच्यांचे आहेत. आपल्या देशात मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाचे मोठे सर्वेक्षण केले. त्यात साठीच्या पुढच्या शंभरातील सुमारे बारा-तेरा जणांनी मागील दोन वर्षांत आपण पडल्याचे सांगितले. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि राज्यात साठीच्या पुढचे लोक शंभरात जवळपास दहा होते. ढोबळ हिशेब केला तरी या एका जिल्ह्यात दोन वर्षांत चौदा-पंधरा हजार वृद्ध पडत असले पाहिजेत. सगळ्यांचेच हाड मोडत नाही. पण एकदा पडलेला माणूस धास्ती घेतो. धास्तीने चालणे कमी करतो, चालणे कमी झाले की पायातले बळ जाते, बळ गेले की तो पुन्हा पडतो. हे असले की ते होते, असा हा कार्यकारणाचा फेरा आहे.

ही वृद्ध माणसे कोण आहेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी विशीतले जे तरुण रस्त्यावर आले आणि ज्यांनी जळणारी घरे पाहिली, ते आज पासष्टी ओलांडून सत्तरीकडे निघाले आहेत. १९७९ च्या लाँग मार्चमध्ये चाललेले पाय आज उंबरठा ओलांडताना अडखळतात. आईच्या कडेवर बसून ज्यांनी धम्मदीक्षेची गाणी ऐकली, ती मुले आज सत्तरीत आहेत. चळवळ ज्यांच्या पायांवर चालली, ते पाय थकले आहेत. नामांतर दिनी त्यांना हार घालून त्यांचे ऋण फिटत नाही.

आमच्या माणसांचे पडणे इतरांच्या पडण्यासारखे आहे काय? शरीर म्हणून पाहिले तर आहे. परिस्थिती म्हणून पाहिले तर नाही. लहानपणापासून अर्धपोटी राहिलेली हाडे, वर्षानुवर्षे डोक्यावर उसाची मोळी वाहिलेला मणका आणि उन्हात खुरपून वाकलेली कंबर घेऊन आमची बाई म्हातारी होते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड महिलांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयही निघाले किंवा त्याचे काम लवकर थांबले, तर हाडे अकाली ठिसूळ होतात, हे वैद्यकशास्त्र सांगते. हंगाम बुडू नये म्हणून ज्यांनी पिशवी काढून टाकली, त्यांच्या म्हातारपणाची हाडे कोणाच्या हिशेबात आहेत? साखरेच्या पोत्यावर तो हिशेब लिहिलेला नसतो.

आता चांगली बातमी सांगितली पाहिजे. पडणे टाळता येते. पायाचे बळ आणि शरीराचा तोल वाढवणारा नियमित व्यायाम केला तर पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष निरनिराळ्या देशांतील शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासून २०१९ मध्ये काढण्यात आला. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात घरच्या घरी करायच्या साध्या व्यायामांचा एक कार्यक्रम तयार केला. तो शिकवायला मोठा डॉक्टर लागत नाही. घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांना प्रशिक्षण दिल्यावर त्यांनीही तो उत्तम राबवला. मोतीबिंदू काढणे, चक्कर आणणारी किंवा झोपेची औषधे डॉक्टरांना विचारून कमी करणे, न घसरणारी चप्पल, रात्रीचा उजेड आणि धरायला आधार, या सगळ्यांचा उपयोग होतो. यातील बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांत झाल्या आहेत हे खरे, पण गुडघ्याचा स्नायू श्रीमंत-गरीब पाहून बळकट होत नाही.

उपाय आहे, तो महागही नाही, मग तो औंढ्याच्या वस्तीपर्यंत का पोहोचत नाही? खरे विश्लेषण येथे करावे लागेल.

पहिला अडथळा मनाचा आहे. 'पडू नये म्हणून शिबिर' असा फलक लावला तर कोणी येत नाही. जगभरचा अनुभव हाच आहे. ऐंशी वर्षांचा माणूसही म्हणतो, कार्यक्रम चांगला आहे, पण तो म्हाताऱ्यांसाठी, मला कशाला? आमच्याकडे त्यात आणखी एक भर आहे. पडल्याचे कबूल केले की घरचे म्हणतील, आता बाहेर जाऊ नकोस, रोजंदारीला जाऊ नकोस, एका जागी बस. ज्या बाईने आयुष्यभर स्वतःच्या कष्टाचे खाल्ले, तिला एका जागी बसणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणे वाटते. म्हणून ती पडल्याचे लपवते. गुडघ्याला हळद लावते आणि सुनेला सांगते, चुलीचा चटका बसला. तिला कमजोर म्हणून बोलावले तर ती येणार नाही. पायात बळ यावे, विहाराची पायरी स्वतःच्या पायाने चढता यावी, नातवाच्या लग्नात उभे राहता यावे म्हणून बोलावले तर येईल.

दुसरा अडथळा पोटाचा आहे. सत्तरीची बाई आजही निंदणी-खुरपणीला जाते. शिबिराचा दिवस म्हणजे तिचा बुडालेला रोज. श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये दीड हजार रुपये झाले. साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा तर वर्षानुवर्षे महिना दोनशे रुपयांवर खिळलेला आहे. दोनशे रुपयांत एक चष्मासुद्धा येत नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. ही सवलत चांगलीच आहे, पण गाडी वस्तीवर येत नाही आणि गाडीची पहिली पायरी म्हातारीच्या गुडघ्याच्या वर असते. तिकीट माफ झाले, पायरी माफ झाली नाही.

तिसरा अडथळा शिबिरबाजीचा आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून काठ्या, वॉकर, चष्मे, कर्णयंत्रे वाटते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. पासष्टीच्या पुढच्या, दोन लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये जमा करण्याची ही योजना आहे. मंडप पडतो, पुढारी येतात, काठी देतानाचा फोटो निघतो. पण काठी उंचीप्रमाणे कापावी लागते, हे कोणी सांगितले? हात सरळ खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी. ती दुखऱ्या पायाच्या बाजूला न धरता दुसऱ्या हातात धरावी. टोकाचे रबर झिजले की बदलावे. एवढे शिकवायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे दिली गेली नाहीत तर काठी कोपऱ्यात पडून राहते.

चौथा अडथळा यंत्रणेचा आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला वृद्धांसाठी तपासणी, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा कक्ष, व्यायामोपचार, घरभेटी असे सारे लिहिलेले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही सरकारी दवाखान्यांत वृद्धांसाठी खाटा आणि वेगळ्या रांगेची तरतूद आहे. उपकेंद्रांच्या पाटीवर २०२३ पासून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव आले. मंदिर हा शब्द लिहिण्याची सरकारला जेवढी घाई होती, तेवढी आतला माणूस नेमण्याची असती तर बरे झाले असते.

आशाताई घरोघरी जो 'सी-बॅक' फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? म्हणजे सरकार आमच्या म्हातारीला तिच्या दारात येऊन हा प्रश्न विचारते. ती 'हो' म्हणते. रकान्यात खूण होते. पुढे काय? पुढे काही होत नसेल तर हा प्रश्न विचारण्यात अर्थ काय? यात आशाताईंचा दोष नाही. त्याही आपल्याच लेकीबाळी आहेत. गरोदर मातेपासून क्षयरोग्यापर्यंत सारे काम त्यांच्याच पिशवीत असते आणि मानधनासाठी २०२३-२४ मध्ये त्यांना संपावर जावे लागले. फॉर्म भरला की काम मोजले जाते. आजीच्या पायात बळ आले की नाही, हे कोणत्याही रकान्यात मोजले जात नाही. जे मोजले जात नाही, ते कामाच्या रगाड्यात मागे पडते.

पाचवा अडथळा पैशाच्या दिशेचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सत्तरीच्या पुढच्या सर्वांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचाराचे कार्ड देण्याची घोषणा झाली. हाड मोडल्यावर सरकार लाखाने खर्च करायला तयार आहे. ते मोडू नये म्हणून संडासात लोखंडी नळी बसवायला काही शे रुपये खर्च करायला तयार नाही. स्वच्छ भारतच्या संडासाला बारा हजार मिळाले. त्यात भांडे आले, दार आले, म्हातारीला धरून उठायला आधार आला नाही. रमाई आवास योजनेतून घरकुले झाली, त्यांच्या दारात दोन-तीन पायऱ्या आल्या, कठडा आला नाही. वस्ती विकासाच्या निधीतून सिमेंटचे रस्ते झाले. वरच्यावर थर पडत गेला, रस्ता उंबरठ्याच्या वर गेला आणि नाली उघडीच राहिली. आमच्या नावाने आलेल्या पैशातून आमच्याच दारात पडण्याची जागा तयार झाली. अंदाजपत्रक करणारा अभियंता तरुण असतो, ठेकेदार तरुण असतो, सरपंचही बहुधा तरुणच. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईला कोणी विचारले काय, की बाई, तू कुठे अडखळतेस?

दुसऱ्याकडे बोट दाखवून भागणार नाही. आम्ही स्वतः काय करतो? आमची विहारे पाहा. उंच जोते, गुळगुळीत फरशी, चार-पाच पायऱ्या आणि धरायला काही नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्याभोवती आम्ही स्टीलचे कठडे बसवले. विटंबना करणाऱ्यांनी ती वेळ आमच्यावर आणली, ते आवश्यकच होते. परंतु त्याच पुतळ्याला वंदन करायला येणाऱ्या आजीच्या पायरीला कठडा बसवायचे आमच्या लक्षात आले नाही. वर्गणीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी मात्र लागली.

येथे विनयपिटकाची आठवण होते. चुल्लवग्गात भिक्खूंच्या राहण्याच्या जागेविषयी बारीकसारीक नियम आहेत. त्यांत एक प्रसंग असा की, जिना चढताना भिक्खू पडत होते. तथागतांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी धरून चढण्यासाठी कठड्याची अनुज्ञा दिली. पालीत त्याला 'आलम्बनबाह' असा शब्द आहे. भिक्खू चंक्रमण करताना कडेवरून पडत, तेव्हा तिथेही कठडा करण्यास सांगितले. स्नानगृहात चिखल होई, तेव्हा जमिनीवर विटा, दगड किंवा लाकूड बसवण्याची आणि पाण्याला नाली काढण्याची अनुज्ञा दिली. आणि आणखी एक प्रसंग तर प्रत्येक विहारात वाचून दाखवावा असा आहे. म्हातारपणाने दुबळा झालेला एक भिक्खू शौच करून उठताना पडला. तथागतांनी त्याला, हे तुझे पूर्वकर्म आहे, असे सांगितले नाही. म्हातारपण आहे, पडायचेच, असेही सांगितले नाही. त्यांनी धरून उठण्यासाठी टांगता आधार, 'ओलम्बक', बसवण्याची अनुज्ञा दिली. पडण्याचे कारण शोधले आणि ते दूर केले. अडीच हजार वर्षांपूर्वी संडासात बसवलेला तो आधार आमच्या घरकुलात अजून आलेला नाही.

काठीची लाज वाटणाऱ्यांनी दुसरी एक गोष्ट आठवावी. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब व्यासपीठाकडे आले ते एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून. मधुमेहाने पाय साथ देत नव्हते. काठी धरून आणि खांद्याचा आधार घेऊन त्या महामानवाने लाखोंना उभे केले. आधार घेण्यात कमीपणा असता तर तो दिवस उगवला नसता.

तर मग काय करता येईल? माझे म्हणणे असे की, जो कार्यक्रम सरकारी शिबिरात फसतो, तो वर्षावासात यशस्वी होऊ शकतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने गावोगावच्या विहारांत रोज सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याला सर्वांत नियमित कोण येते? आमच्या म्हाताऱ्या बायाच येतात, पांढरे लुगडे नेसून. वरील एकेक अडथळा येथे तपासून पाहा. अंतर नाही, विहार वस्तीतच आहे. रोज बुडत नाही, वेळ सायंकाळची आहे. लाज नाही, कारण ती 'पडणारी म्हातारी' म्हणून येत नाही, उपासिका म्हणून येते. बोलावणारा परका नाही, महिला मंडळाची ओळखीची बाई आहे. एखादी चार दिवस आली नाही तर पाचव्या दिवशी कोणीतरी तिच्या दारात जाऊन विचारते. सोबत, ओळख आणि आपुलकीची चौकशी यांच्या बळावर असे कार्यक्रम टिकतात, असे जगभरचे अनुभव सांगतात. ते सारे आमच्याकडे आधीपासून आहे. आणि तीन महिने म्हणजे सुमारे बारा आठवडे, पायात बळ येऊ लागायला लागतात तेवढेच. पावसाळ्याचे हेच दिवस घसरण्याचेही आहेत.

वंदना झाली की वाचनापूर्वी पंधरा मिनिटे द्यावीत, आठवड्यातून किमान तीन दिवस. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, जमेल तेवढे वेळा. भिंतीला धरून टाचा उचलणे, मग चवडे उचलणे. एका पायापुढे दुसरा पाय ठेवून दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहणे. भिंतीच्या आधाराने बाजूला पावले टाकणे. सुरुवातीला दोन्ही हातांचा आधार, मग एका हाताचा, मग एका बोटाचा. शेजारी एक तरुण मुलगी किंवा मुलगा उभा असावा. ज्यांना छातीत दुखते, उठताच चक्कर येते किंवा जे नुकतेच पडले आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. अंथरुणातून एकदम उठू नये, काठावर क्षणभर बसून मग उभे राहावे, एवढी एक गोष्ट घरोघरी गेली तरी काही हाडे वाचतील. आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांना विहारात खुर्ची द्यावी, खुर्चीवर बसल्याने श्रद्धा कमी होत नाही. आश्विन पौर्णिमेनंतर मात्र हे थांबू नये, कारण व्यायाम थांबला की मिळवलेले बळ निघून जाते. रविवारच्या वंदनेला आणि रोज घरी तो चालू राहिला पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतील, विहार म्हणजे दवाखाना आहे काय? विहार दवाखाना नाही, पण आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने न्हाऊ घालणाऱ्या तथागतांचे ते घर आहे. आणखी कोणी म्हणेल, आपणच सारे केले तर सरकार अंग काढून घेईल. ही शंका रास्त आहे. म्हणूनच विहारातील पंधरा मिनिटांबरोबर ग्रामसभेतील ठरावही हवा. 'सी-बॅक' फॉर्मात ज्याने तोल जातो असे सांगितले, त्याच्या घरी महिन्याच्या आत आरोग्य कर्मचाऱ्याची भेट झालीच पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी व्यायामोपचार शिकवणारा माणूस आला पाहिजे आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना हे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. आशाताईंना या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. रमाई घरकुलाच्या आणि संडासाच्या अंदाजपत्रकात कठडा व धरायची नळी धरली गेली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावी असा नियमच आहे. त्यातून वस्तीतील नाली झाकणे आणि पायऱ्यांना कठडे बसवणे सहज होईल. हे पैसे सतरंज्या आणि भांडी खरेदीत किती दिवस जिरवायचे? आणि वर्षभरात गावात कोण, कुठे, कशामुळे पडले याची एक वही ठेवली पाहिजे. एकाच नालीवर तीन माणसे पडल्याचे त्या वहीत दिसले, की तिला प्रारब्ध म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही.

हे काम केवळ बौद्ध वस्तीचेही नाही. मातंग वस्तीतली, बंजारा तांड्यावरची, आंध आदिवासींच्या पाड्यावरची म्हातारीही तशाच अंधारात चाचपडत निघते. सायंकाळची ती पंधरा मिनिटे विहाराचे दार त्यांच्यासाठीही उघडे ठेवावे. बहुजन ऐक्याची भाषणे पुष्कळ झाली. एकमेकींचा हात धरून एका पायावर उभ्या राहिलेल्या चार जातींच्या चार म्हाताऱ्या त्या भाषणांपेक्षा अधिक काही सांगून जातील.

औंढ्याला नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा सांगतात. पुरोहितांनी हटकले म्हणून ते दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि देवळाने तोंड फिरवले, असे म्हणतात. आम्ही चमत्कार मानत नाही आणि आमच्या आजीसाठी कोणते देऊळ फिरावे अशी आमची मागणीही नाही. तिच्या संडासात धरून उठायला दीड हाताची लोखंडी नळी, विहाराच्या पायरीला एक कठडा, नालीवर एक झाकण आणि सायंकाळी तिच्यासोबत उभा राहणारा एक तरुण खांदा, एवढेच पुरे आहे. येत्या आषाढ पौर्णिमेआधी प्रत्येक विहार समितीने आपली पायरी तपासावी आणि समता सैनिक दलाच्या तरुणांनी वस्तीतील प्रत्येक वृद्धाच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा: आजी, तू कुठे अडखळतेस? उत्तर मिळाल्यावर मात्र नुसती खूण करून परत फिरू नये.

जयभीम!